रांगेतलं शेवटचं माणूस

मुकादम,

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला 'अरे' म्हणत आलो आणि आज 'अहो' लिहितोय, तेव्हा मध्येच कुठे जीभ जुन्या वळणावर गेली तर रागावू नका. तुम्ही माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी तरी मोठे. माझे वडील असते तर तुमच्याच वयाचे असते. पण मी मिठागरावरचा कारकून आणि तुम्ही मुकादम, त्यामुळे 'अरे मुकादम, इकडे ये' असंच बोलायची रीत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नव्हतं. तुम्हाला वाटत होतं का, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हाला जाऊन किती पावसाळे झाले ते मोजायला बसलो तर बोटं पुरत नाहीत. आता मीच इथला कारभारी आहे. त्याच कौलारू चौकीत, त्याच खिडकीपाशी बसलोय. कोपरीच्या खाडीला ओहोटी लागलीय, माणसं भाकरी खाऊन पडवीत आडवी झालीत, गुडघे ठणकताहेत, आणि उन्हाने शाई दौतीतच घट्ट होतेय. सकाळी जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगण्यासारखं माणूस आठवून आठवून तुम्हीच आठवलात.

मी नोकरीवर रुजू झालो तो दिवस तुमच्या लक्षात असेल. वीस वर्षांचं वय, नुकतं लग्न झालेलं, कोकणातून आलेला, अंगात कोरा अंगरखा, आणि आपल्याला मोडी झरझर लिहिता येते याचा कोण तोरा! कारभाऱ्यांनी मला पहिल्याच सकाळी पिटाळलं, 'जा, आजचं काम माणसांना सांगून ये.' मी बांधावरून तोल सावरत उघाडीशी आलो. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी आत घ्यायचं ते तिथूनच, हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं. चाळीस-पन्नास बाया-माणसं रांगेने उभी. मी काम सांगितलं आणि वळलो, तर तुम्ही म्हणालात, 'जरा थांबा भाऊसाब.' आणि रांगेच्या पार टोकाला जाऊन तिथल्या एका म्हातारीला विचारलंत, 'बोल गो आये, साहेब काय बोलले?' मी सांगितलं होतं की वरच्या तीन कुंड्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, मीठ ओढा, खालच्यांना हात लावू नका. म्हातारी म्हणाली, खालच्या तीन कुंड्या ओढायच्या. सगळी रांग हसली. मीही हसलो. तुम्ही तेवढे हसला नाहीत. 'तिची चूक नाय,' तुम्ही म्हणालात, 'आपनच वाकडं बोललो आसू. परत सांगा.'

आपणच! मला असा राग आला म्हणून सांगू. मी चांगलं स्वच्छ, शुद्ध बोललो होतो. पण परत सांगावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला म्हातारीने ते बरोबर म्हणून दाखवलं तेव्हाच तुम्ही माणसांना हलू दिलंत. पुढे रोज तेच. काम सांगायचं, मग टोकाच्या माणसाकडून ते वदवून घ्यायचं, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं तर त्याला एक शब्द न बोलता 'मीच वाकडं बोललो' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. एकदा मी कुत्सितपणे विचारलं होतं, की अरे, पुढच्या चार शहाण्यांना विचार ना, त्या टोकाच्या बहिऱ्यांना काय विचारतोस? तुम्ही म्हणालात, 'पुढच्यांना तर कसंबी कलतं भाऊसाब. टोकाच्याला कललं का मंग सगल्यांना कललं.' मी घरी येऊन बायकोला तुमची नक्कल करून दाखवली होती. ती हसली नाही, म्हणाली, 'बरोबरच आहे की त्यांचं.' मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

माझी स्वतःची रीत निराळी होती, आणि मला ती फार हुशारीची वाटायची. कारभारी म्हणजे नाकावर राग. चौकीचा उंबरा मजुराने ओलांडायचा नाही हा त्यांचा नियम. मग तो मुकादम का असेना, त्याने जे काय सांगायचं ते कारकुनाला सांगायचं आणि कारकुनाने आत सांगायचं. म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या मध्ये मी. खालचं बोलणं वर नेताना मी ते गुळगुळीत करून न्यायचो. तुम्ही सांगायचात, 'पिण्याच्या पाण्याचा रांजण उन्हात हाय, पाणी कढत होतंय, काल दोन बायांना चक्कर आली.' मी आत जाऊन म्हणायचो, 'पाण्याची काही सोय झाली तर बरी, असं लोकांचं म्हणणं आहे.' कारभारी म्हणायचे 'बघू', आणि रांजण उन्हातच. वरचं खाली आणताना मात्र मी त्याला धार लावायचो. कारभारी नुसतं म्हणाले की उद्या माणसं जरा लवकर आली तर बरं, की मी बांधावर छाती काढून ओरडायचो, 'उशिरा येईल त्याला आल्या पावली परत पाठवीन!' दोन्हीकडे माझं वजन राहायचं. लोक म्हणायचे कारकून कडक आहे, आणि कारभारी म्हणायचे पोरगा सौम्य आहे. तुम्ही काहीच म्हणायचा नाहीत. नुसते बघायचात.

आणि तरी दर हंगामाचं पहिलं मीठ तुम्ही मला आणून द्यायचात. पहिल्या दिवशी कुंडीतून जे ओढलं जाईल त्यातलं मूठभर बांधावरच्या देवाला, आणि मूठभर पळसाच्या पानात बांधून माझ्या खिडकीशी. 'वैनीस्नी द्या. आमटीत घालू द्या.' बायको ते चिनी मातीच्या छोट्या बरणीत वेगळं ठेवायची, फळीवर, हळदीच्या डब्यामागे. रोजच्या स्वयंपाकाला वापरायची नाही. सणासुदीला चिमूटभर काढायची आणि मला बजावायची, 'हे सांडायचं नाही हां. कोणी तरी आठवणीने दिलंय.' घरातल्या सगळ्या भांड्याकुंड्यांत मला आज ती बरणी तेवढी लख्ख आठवते.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला ते एकदा सरळ सांगायचंय.

फाल्गुन संपत आलाय. अमावास्येला तीन दिवस आहेत, आणि अमावास्येच्या उधाणाला उघाडी उघडून आतलं तळं काठोकाठ भरून घ्यायचं असा कारभाऱ्यांचा हुकूम आहे. सकाळची वेळ. तुम्ही खिडकीशी येता. उजवा हात कोपरापर्यंत काळ्या चिखलाने माखलेला. 'भाऊसाब,' तुम्ही म्हणता, 'वळणावरचा बांध आतून पोकल झालाय. खेकड्यांनी पार पोखरलाय. हात घातला तं ह्यो इथपर्यंत गेला. या उधाणाला उघाडी उघडू नका. तीन दिवस समदी मानसं बांधावर घाला, न्हायतर बांध फुटंल.' मी म्हणतो, बरं, सांगतो. तुम्ही जात नाही. तिथेच उभे राहता, चिखल सुकत चाललेला, आणि जरा चाचरत म्हणता, 'भाऊसाब, राग नका मानू. कारभाऱ्यांना काय सांगाल ते मला एकदा बोलून दाखवा.'

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, 'मी काय तुझ्या रांगेतला मजूर आहे का रे? शिकलेल्या माणसाला धडा म्हणायला लावतोस?' आणि खिडकीची झडप ओढून घेतली. तुमची पावलं थोडा वेळ वाजली नाहीत. मग वाजली.

त्या दिवशी सकाळपासूनच कारभाऱ्यांचं बिनसलं होतं. माझ्या अक्षरावरून त्यांनी मला दोनदा फैलावर घेतलं होतं, आणि म्हणाले होते की तुझ्यासारखे छप्पन कारकून ठाण्याच्या बाजारात उभे आहेत. अशा माणसापुढे जाऊन, तुमचा हुकूम फिरवा, तीन दिवस मीठ ओढणं बंद ठेवा, असं सांगायचं? मी आत गेलो. दोन्ही हात पुढे बांधून उभा राहिलो. आणि म्हणालो, 'मुकादम म्हणतोय, वळणाकडच्या बांधाची सवडीने थोडी डागडुजी काढावी.' 'सवडीने' हा शब्द तुमचा नव्हता, मुकादम. 'थोडी' हाही नव्हता. कारभाऱ्यांनी वर न बघताच म्हटलं, 'मग वैशाखात बघू.' मी बाहेर आलो आणि मला हायसं वाटलं. निरोप तर सांगितला ना आपण, असंच मी मनाशी म्हणालो.

अमावास्येला हुकुमाप्रमाणे उघाडी उघडली, तळं भरलं, आणि बांध पाडव्याला फुटला. दुपारच्या भरतीला. सण म्हणून माणसं घरी होती, दारोदार गुढ्या उभ्या होत्या, म्हणून कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण वर्षभराचं मीठ, ते पांढरे शुभ्र ढीग, तासाभरात खाडीने पोटात घेतले. सगळे धावत आले तेव्हा तुम्ही आधीच तिथे होतात, कमरेइतक्या चिखलात, भगदाडापुढे वाशे रोवत, सणाचं नवं धोतर तसंच अंगावर. कारभारी बांधावर उभे राहून ओरडत होते. 'पोकळ झाला होता तर मला कळवलं का नाही? मुकादम! सांगितलं होतंस कोणाला?' तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे बघितलंत. मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, मी पाण्याकडे बघायला लागलो, जणू भरती किती उरलीय ते मला मोजायचं होतं. आणि तुम्ही म्हणालात, 'माझंच चुकलं.' कारभारी मला म्हणाले, 'लिही.' मी रोजवहीत लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की मुकादमाने बांधाची सूचना दिली नाही, सबब मुकादमी काढून घेतली आहे.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर तुम्ही मला उघाडीपाशी गाठलंत. मला वाटलं आता शिव्या घालणार. शिव्या घातल्या असत्यात तर फार बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, 'रोज एवढ्या मानसांकडून बोलवून घेतो, आन् तुमच्याकडून घ्यायला लाजलो. माझंच वाकडं झालं, भाऊसाब.' मी काय बोललो असेन? 'झालं ते झालं,' म्हणालो. तुम्हाला दिलासा दिला मी! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या हंगामात तुम्ही टोपल्या वाहायला आलात, नव्या मुकादमाच्या हाताखाली. त्याने तुमची रीत पहिल्याच दिवशी मोडली. रांग लागायची, हुकूम सुटायचा, आणि ज्याला जे कळेल ते तो करायचा. तुम्ही त्या रांगेच्या टोकाला उभे असायचात आणि तुम्हाला कोणी काही विचारायचं नाही. आणि पहिलं मीठ निघालं त्या दिवशी तुम्ही पळसाचं पान घेऊन खिडकीशी आलात. मी घेतलं. न घेऊन काय सांगणार होतो? घरी बायकोने लगेच हौसेने आमटीत घातलं. मी एक घास घेतला आणि खारट झालीय म्हणून ताट सारलं. ती बिचारी पुन्हा पुन्हा चाखून बघत राहिली, 'अहो, बरोबर आहे की!' मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि पुढेही कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही त्यानंतर चार हंगाम ते पान आणून दिलंत. पाचव्या हंगामाआधी तापाने गेलात. मी आलो नाही. शिपायाबरोबर निरोप धाडला, दुःखात सहभागी आहे म्हणून. तो त्याने पोचवला की नाही, कोणास ठाऊक.

मग दिवस जातच राहिले. कारभारी गेले, मी त्यांच्या जागी आलो. मी त्यांच्यासारखा ओरडत नाही, एवढाच काय तो फरक. तुमची रीत पुन्हा सुरू करावी असं मनात दहादा आलं. पण ती सुरू केली तर लोकांना तुम्ही आठवाल, तुम्ही आठवलात तर बांध आठवेल, म्हणून दहाही वेळा गप्प बसलो. गेल्या हंगामात मात्र भलतंच होऊन बसलं. ऊन फार म्हणून कल्याणहून धाकट्या मालकांनी सांगून पाठवलं की बायांनी भर दुपारी टोपल्या उचलू नयेत, सकाळ-संध्याकाळ उचलाव्या. भल्याचीच गोष्ट! मालकांनी मला सांगितलं, मी मुकादमाला, मुकादमाने रांगेला, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं झालं की उद्यापासून बायांना काम नाही. दुसऱ्या दिवशी बायांपाठोपाठ बाप्येही घरी बसले, मिठागरावर कुत्रंदेखील नाही. तीन दिवस कोणी आलं नाही. मला वाटलं, लोक माजले. लोकांना वाटलं, कारभारी पोटावर मारतोय. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना.

धाकटे मालक गाडीने आले. तरणे आहेत, पण डोकं शांत. म्हणाले, 'अहो, मी कल्याणात बोलतो ते तुमच्या खाडीवर पोचेपर्यंत त्याचं होतं तरी काय? आणि इथलं माणूस काय म्हणतंय ते मला कधीच का कळत नाही? यावर काही तरी तोड काढा, आणि लिहून आणा.' मी चार पानं लिहिली. हुकूम रांगेपुढे सगळ्यांदेखत सांगावा, टोकाच्या माणसाकडून म्हणवून घ्यावा, चुकलं तर सांगणाऱ्याने आपली चूक समजून पुन्हा सांगावं, आणि आठवड्यातून एक सकाळ कोणाही मजुराने चौकीत येऊन आपलं म्हणणं मांडावं, ते आधी त्याला म्हणून दाखवून मगच वहीत लिहावं. मालक वाचून फार खूश झाले. 'ही अक्कल कुठून आणलीत?' मी म्हणालो, 'अनुभव, दुसरं काय!' तुमचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, मुकादम. ते मी परत गिळलं.

बरोबर नऊ दिवसांपूर्वी पहिल्यांदा तशी रांग लावली. काम सांगितलं आणि टोकाला गेलो. तिथे तुमची लेक. शीळ गावाच्या वाटेवरच्या खेड्यात दिली होतीत ती, नवरा गेल्यावर कोपरीला परत आली, आणि गेली कित्येक वर्षं टोपल्या उचलतेय. केस पांढरे झालेत तिचे. मी म्हटलं, 'सांग बाई, मी काय म्हणालो?' ती गप्प. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी म्हटलं, 'अगं, माझीच चूक, परत सांगतो.' तर ती म्हणाली, 'ऐकलंय मी. ही माझ्या बाची रीत हाय. त्यानं बांधाचं सांगलं नाय म्हणून त्याची मुकादमी गेली, असं वहीत लिवलंय बोलतात. न सांगनाऱ्या मानसाची रीत कशाला चालवता?' 'मला वाचता येत नाय,' ती म्हणाली, 'माझ्या भावाला पुढं कोनी मुकादमी दिली नाय ती त्या वहीपायी. पोरांना आजून बोलतात, तुमच्या आज्यानं आगर बुडवलं. त्या वहीत काय लिवलंय ते सगल्यांसमोर एकदा वाचून दाखवा. मंग मी बोलन.'

मी म्हणालो, वही शोधावी लागेल. आठ दिवस मी वही शोधत होतो, म्हणजे लोकांना तसं सांगत होतो. वही कुठेही हरवली नव्हती. माझ्याच पेटीत, तळाशी, धोतरांच्या घडीखाली आहे ती इतकी वर्षं. रोज सकाळी रांग लागायची, मी टोकाला जायचो, ती तोंड मिटून उभी राहायची आणि मी परत यायचो. चौथ्या दिवसापासून तिच्या शेजारची माणसंही बोलेनाशी झाली. मालकांनी मंजूर केलेली माझी ती चार पानं नुसती भिंतीला लटकलेली. वहीतलं ते पान जाळून टाकावं असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. ते काही झालं नाही. आता किती दिवस राहिलेत माझे, आणि ते त्या पेटीवर बसून काढायचे का, असं वाटायला लागलं.

आज सकाळी वही घेऊन गेलो. उघाडीशी उभा राहिलो आणि मोठ्याने वाचली ती ओळ. माझंच अक्षर, माझंच वळण. मग रात्रंदिवस घोटून ठेवलेलं वाक्य म्हणालो, 'हे लिहिलंय ते बरोबर नाही. त्या वर्षी मुकादमाने सूचना दिली होती. काही कारणाने ती कारभाऱ्यांपर्यंत नीट गेली नाही. त्यात मुकादमाचा दोष नव्हता.' झालं. मला वाटलं, सुटलो. टोकाला गेलो आणि तुमच्या लेकीला म्हटलं, 'आता सांग, मी काय म्हणालो?'

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. 'माझ्या बानं सांगलं होतं, बांध फुटंल. तुमी पुढं सांगलं नाय. तुमी भ्यालात.'

मी म्हटलं, 'भ्यालो असं मी कुठे म्हणालो?'

'तुमी नाय बोललात. बा बोललेला, जायच्या आदी. मी त्याला इचारलं, पाडव्याला सगल्यांसमोर तोंड का नाय उघडलंस? तर बोलला, तो कारकून भितो गो. तरनी बायको हाय त्याची, घरी पोर यायचंय. मला दोन हात हायत, मी टोपल्या उचलन. त्याची नोकरी गेली तर तो काय उचलंल?'

तुम्हाला ठाऊक होतं तर! बांधावर माझ्याकडे बघितलंत तेव्हाच ठाऊक होतं. संध्याकाळी उघाडीपाशी 'माझंच वाकडं झालं' म्हणालात ते मला लाज वाटू नये म्हणून म्हणालात, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की या भोळ्या माणसाला काही उमगलं नाही. आणि ती पळसाची पानं! मुकादम, कशाला दिलीत हो ती मला?

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला दुसरं काही सुचेना, म्हणून तुमचंच वाक्य तोंडातून निघालं. 'तिची चूक नाही,' मी म्हणालो. 'मीच वाकडं बोललो. परत सांगतो.' आणि सांगितलं. 'मुकादमाने मला सांगितलं होतं की बांध फुटेल. मी भ्यालो आणि ते पुढे सांगितलं नाही.' आवाज फाटला, पण टोकापर्यंत गेला. मग तिला पुन्हा विचारलं, की आता सांग. ती म्हणाली, 'माझ्या बानं सांगलं होतं.' एवढंच. मी थांबलो. म्हटलं, आणि पुढचं? तिने टोपली उचलली. 'पुढचं कललं सगल्यांना,' म्हणाली, आणि कामाला गेली.

वहीत त्या ओळीखाली आजचं सगळं लिहिलंय, सही केलीय. मालक उद्या येतील तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवणार आहे आणि तुमच्या नातवाला मुकादमी द्या म्हणणार आहे. मला ठेवायचं की काढायचं ते त्यांचं ते बघतील. हे पत्र मात्र कोणापुढे ठेवायचं नाही. पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी तुम्हाला अक्षरओळख नव्हती. गावाकडून काही आलं तर मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. खरं सांगू, तुम्हाला वाचता येत असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. अजून भितो, मुकादम.